गीता पाठ असलेल्या माणसाचा हात मोबाइलकडे का जातो?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित शाळेत गेली वीस वर्षे संस्कृत शिकवतो. वय ४६. घरी पत्नी आणि बारावीत शिकणारी मुलगी आहे. टाळेबंदीच्या काळात एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून डीमॅट खाते उघडले. आधी शेअर घेतले, मग ऑप्शनकडे, म्हणजे भावाच्या चढउतारावर पैसे लावण्याच्या करारांकडे, वळलो. पहिल्या दोन महिन्यांत पगाराइतका नफा झाला आणि तिथेच मी अडकलो. आज एकूण तोटा अकरा लाखांच्या घरात आहे. पतसंस्थेचे कर्ज काढून झाले, आणि दिवाळीनंतर पत्नीच्या पाटल्या तिला न सांगता सोनेतारणात ठेवल्या. त्या लॉकरमध्ये आहेत अशी तिची समजूत आहे. आमची शाळा सकाळच्या सत्रात भरते. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा मी नववीच्या वर्गावर असतो, मुले सुभाषित म्हणत असतात आणि माझा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. गीतेचे अठराही अध्याय मला पाठ आहेत. तोटा झाला की ‘सुखदुःखे समे कृत्वा’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सौदा करतो. ॲप काढून टाकतो आणि परत घेतो. कधी कधी रात्री विम्याची कागदपत्रे काढून बघत बसतो. ज्या तत्त्वज्ञानाने मला वाचवले नाही, ते मी मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू? आणि ते मुळात कोणाला वाचवते का?

उत्तर :

आदरणीय सर, नमस्कार.

तत्त्वज्ञानाच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी विम्याच्या कागदपत्रांविषयीचे तुमचे वाक्य. ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे, तरी मला ते संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. कर्जात बुडालेला माणूस रात्री एकटा अशी कागदपत्रे चाळत बसतो, तेव्हा ‘आपण नसलो तर घरच्यांचे भागेल’ असा हिशेब त्याच्या मनात चालू असण्याची शक्यता असते. माझा अंदाज चुकीचा असेल तर मला आनंदच आहे. पण तो बरोबर असेल, तर हे उत्तर इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. त्यानंतर याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि ती कागदपत्रे पत्नीच्या ताब्यात द्या. नोकरीत असलेल्या माध्यमिक शिक्षकाला अकरा लाख रुपये काही वर्षांत फेडता येतात. ती वर्षे ओढाताणीची जातील, पण ती जातील. तुमच्या मुलीला वडिलांशिवाय जी वर्षे काढावी लागतील, त्यांची भरपाई मात्र कोणत्याही पॉलिसीत होत नाही.

डॉक्टरांकडे जाण्यात तत्त्वज्ञानाचा पराभव होतो असे तुमच्यासारख्या माणसाला वाटू शकते, म्हणून हेही सांगते की आवरता न येणारा जुगार हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला विकार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये आपली रोगवर्गीकरणाची नियमावली नव्याने काढली, तेव्हा त्यांनी जुगाराला दारू आणि अमली पदार्थ यांच्याच प्रकरणात बसवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तो आहे. तुम्ही जे करता त्याला बाजारात ट्रेडिंग म्हणतात, परंतु उधारीचे पैसे, लपवाछपवी, गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावलेला डाव आणि बंद करण्याचे फसलेले प्रयत्न ही चारही लक्षणे तुमच्या पत्रात स्वच्छ दिसतात.

आता तुमचा प्रश्न. वीस वर्षे शिकवलेले, पाठ असलेले, आवडीने म्हटलेले शास्त्र ऐन वेळी कामाला आले नाही, म्हणजे ती सगळी बोलाचीच कढी होती का, असे तुम्ही विचारता. सर, तुम्हाला हे मी सांगावे असे नाही, पण हा प्रश्न त्याच ग्रंथात अर्जुनाने विचारून ठेवलेला आहे. ‘अथ केन प्रयुक्तोऽयं पापं चरति पूरुषः । अनिच्छन्नपि वार्ष्णेय बलादिव नियोजितः ॥’ मनात नसताना, जणू कोणी बळाने जुंपल्यासारखा माणूस वाईटाकडे का ओढला जातो? तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न येतो तेव्हा दुसरा अध्याय संपलेला आहे, म्हणजे स्थितप्रज्ञाची लक्षणे अर्जुनाने ऐकलेली आहेत. ती ऐकूनही त्याला हे विचारावे लागते, यातच गीतेचा प्रामाणिकपणा आहे असे मी मानते. काय बरोबर आहे ते कळले की माणूस सुधारतो, असा भाबडा दावा ती करत नाही.

तसा दावा ग्रीसमध्ये सॉक्रेटिसने केला होता. जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही, जो करतो तो अज्ञानापोटी करतो, असे त्याचे म्हणणे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात त्याला सरळ हरकत घेतली की, हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध आहे. मग त्याने एक उदाहरण दिले, आणि ते वाचल्यापासून पाठांतराकडे मी पूर्वीच्या भाबडेपणाने पाहू शकलेले नाही. दारूच्या अमलाखालचा माणूसही एम्पेडोक्लीज या तत्त्वज्ञ कवीच्या ओळी घडाघडा म्हणू शकतो, असे तो म्हणतो. ओळी अचूक असतात, पण त्या क्षणी त्या ओळींचा त्या माणसावर काहीही अधिकार चालत नाही. वासनेच्या झपाट्यात सापडलेल्या माणसाचे ज्ञान असेच असते. ते त्याच्याजवळ असते आणि नसतेही. नववीच्या वर्गात तोंडाने सुभाषित आणि खिशात हात, ही तुमची स्थिती जवळजवळ तेवीसशे वर्षांपूर्वी नोंदवली गेलेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असा माणूस पुन्हा भानावर कसा येतो हे विचारल्यावर ॲरिस्टॉटल म्हणतो की झोपलेला किंवा झिंगलेला माणूस जसा येतो तसाच, आणि त्याची मीमांसा निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांकडून ऐकावी. इतका मोठा तत्त्वज्ञ या वळणावर देहाच्या जाणकारांकडे बोट दाखवतो, ही गोष्ट जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर नंबर लागेपर्यंत बसताना आठवावी.

तुमच्या दुखण्याचे इतके जवळून केलेले वर्णन मला मात्र ग्रीसमध्ये सापडत नाही. ते आपल्याकडे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात आहे. हे अक्षसूक्त, म्हणजे फाशांवरचे सूक्त, तुम्ही शिकवले असेल, निदान वाचले नक्कीच असेल. आता ते विद्यार्थ्यांसाठी न वाचता स्वतःसाठी वाचा. त्यातला जुगारी सांगतो की, सासू तिरस्कार करते, बायको दूर लोटते, आई-बाप आणि भाऊ म्हणतात, ‘आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या याला.’ तो मनाशी ठरवतो की आता या फाशांच्या वाटेला जायचे नाही; मित्र निघून जातात, हा मागे उरतो; आणि तेवढ्यात फासे म्हणून पटावर टाकलेल्या त्या तपकिरी बेहड्याच्या फळांचा आवाज कानी येतो आणि तो प्रियकराला भेटायला निघालेल्या अभिसारिकेसारखा तिकडे ओढला जातो. ॲप काढून टाकून परत घेतलेल्या माणसाला यावर आणखी भाष्याची गरज नसावी. पुढे तो म्हणतो की या फाशांना हात नाहीत, तरी ते हात असलेल्याला नमवतात. ते पटावर टाकलेले निखारे आहेत, स्पर्शाला थंड, पण काळीज जाळणारे. कर्जाने घाबरलेला हा माणूस पैशाच्या शोधात रात्रीचा दुसऱ्यांच्या घरी जातो. दुसऱ्याची नांदती घरे पाहिली की त्याच्या पोटात कालवते. अवघ्या चौदा ऋचांत त्या ऋषीने हे सारे मांडले आहे आणि त्यात कुठेही जुगाऱ्याची टवाळी नाही, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते. शेवटाकडे सविता देव जे सांगतो तेही साधे आहे : ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’, फासे खेळू नकोस, शेतीच कर, आहे त्या धनात समाधान मान, तिथे तुझ्या गाई आहेत, तिथे तुझी पत्नी आहे. तुमच्या बाबतीत शेतीच्या जागी दर महिन्याचा पगार, वर्ग आणि दहावीच्या उत्तरपत्रिका आहेत.

महाभारताकडे वळायचे, तर युधिष्ठिराचे नाव तुम्ही स्वतःशी अनेकदा घेतले असणार, आणि बहुधा सांत्वनासाठी. साक्षात धर्मराजही द्यूतात हरला, मग माझे काय, असे. परंतु लोक पहिले द्यूत आठवतात आणि दुसरे विसरतात. पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीला वर देऊन धृतराष्ट्राने सारे राज्य परत केले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. गेलेले सगळे पदरात परत पडलेल्या त्या माणसाला वाटेतून पुन्हा बोलावणे आले आणि तो परत जाऊन पटापाशी बसला. त्या वेळी त्याने वडीलधाऱ्यांची आज्ञा आणि दैव पुढे केले. म्हणजे शहाण्या माणसाकडे युक्तिवादाची वाण नसते, आणि तुम्हीही त्याला अपवाद नाही. त्याच युधिष्ठिराने पुढे वनात, भीमाने फैलावर घेतल्यावर, दुर्योधनाचे राज्य हिरावून घेण्याच्या इच्छेनेच मी फासे हाती घेतले होते, अशी कबुली दिली. आज्ञा आणि दैव गळून पडले आणि लोभ उघडा झाला. ही कबुली त्याने एकांतात दिलेली नाही. ज्या भावाला त्याने पणाला लावले होते, त्याच्यासमोर दिली आहे.

ओघाने नलाचीही कथा आली. बृहदश्व ऋषी वनवासात युधिष्ठिराला ती ऐकवतात, अक्षविद्याही शिकवतात, आणि नल ती विद्या शिकून, ज्याच्याकडे सारे हरला होता त्या पुष्कर या भावाकडून सारे जिंकून परत घेतो. तुमच्या सध्याच्या अवस्थेत हा भाग वाचू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक कोर्स करावा, आणखी एक तंत्र शिकावे आणि गेलेले सारे त्याच पटावर परत मिळवावे, हीच तर प्रत्येक जुगाऱ्याची आवडती कथा असते. आकडे काय सांगतात ते पाहा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून हा तोटा माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये होता आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. त्याच अभ्यासात असेही आढळले की ओळीने तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून अधिक लोक सौदे करतच राहिले. ‘अजून एक डाव’ हे एकट्या तुमचे वेड नाही, आणि त्यातून सुटका दुसऱ्या डावाने होत नाही हेही या आकड्यांत आहे.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्याने मला खरोखर अस्वस्थ केले, त्याकडे येते. तोटा झाला की तुम्ही ‘सुखदुःखे समे कृत्वा’ म्हणता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सौदा करता. इथे तत्त्वज्ञान तुम्हाला वाचवण्यात केवळ कमी पडलेले नाही, त्याने व्यसनाची चाकरी पत्करली आहे. तोट्याचे दुःख हा तुमच्या मनाने दिलेला इशारा होता. समत्वाच्या श्लोकाने तुम्ही तो दर वेळी गप्प केला आणि दुसऱ्या दिवसासाठी मन मोकळे करून घेतले. हल्ली ट्रेडिंगचे धडे देणारे व्हिडिओवालेही हाच श्लोक आणि ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ सांगतात, ते याच कारणासाठी. त्या श्लोकातला अर्जुन लाभालाभ समान मानून जे करणार आहे ते त्याचे विहित कर्तव्य आहे. पत्नीचे दागिने गहाण ठेवून निफ्टी या शेअर निर्देशांकावर लावलेल्या पैजेला कर्तव्य म्हणता येत नाही, आणि जे मुळात करूच नये ते अनासक्तीने केले म्हणून शुद्ध होत नाही. निदान करण्याचा माझा एक ठोकताळा आहे : जे वचन फक्त नुकसान झाल्यावर आठवते आणि सौदा करण्यापूर्वी कधीच आठवत नाही, ते वचन त्या घडीला वासनेचे वकीलपत्र घेऊन उभे असते. पुढचे काही महिने समत्वाचे श्लोक बाजूला ठेवा. तुम्हाला दुःख व्हायला हवे आहे.

मग शहाणपण राखण करते ती कधी आणि कशी? माझ्या समजुतीप्रमाणे ते कड्याच्या टोकावर फारसे उपयोगी पडत नाही. त्याचे काम बरेच आधी, मन थंड असताना करावे लागते. दुसऱ्या अध्यायातील बासष्ट आणि त्रेसष्ट क्रमांकाचे श्लोक घ्या. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, मग क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि सर्वनाश अशी ती उतरंड आहे. स्मृती ढळल्यावर पाठ केलेले काहीही हाताशी राहत नाही, हे तिथे स्पष्टच म्हटले आहे. म्हणून सहाव्या पायरीवर उभे राहून श्लोक आठवण्याची धडपड व्यर्थ आहे. अडवण्याची जागा पहिल्या पायरीवर, नुसत्या चिंतनापाशी आहे. तुमच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे सव्वानऊचा सौदा नव्हे. ती आदल्या रात्री विदेशी बाजारांचे आकडे बघणे आहे, टिप्स देणारे ग्रुप आहेत, शिक्षकांच्या खोलीत त्या सहकाऱ्याशी होणारी पाच मिनिटांची चर्चा आहे आणि वर्गात सोबत नेलेला मोबाइल आहे. या चारही गोष्टी सकाळी शांत डोक्याने तोडता येतात, आणि तोडणे तुमच्या हातात आहे. ग्रुपमधून बाहेर पडा. त्या सहकाऱ्याला सांगा की हा विषय माझ्यासमोर काढू नका. मोबाइल शाळेच्या कार्यालयात ठेवून वर्गावर जा.

ॲप काढून टाकणे पुरेसे नाही, हे तुम्हाला अनुभवाने कळलेच आहे, कारण जो हात ते काढतो तोच ते परत घेतो. ब्रोकरला कळवून खात्यातील डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनचा, विभागच बंद करून घ्या, आणि शक्य असल्यास शिल्लक हलवून ते ट्रेडिंग खातेच बंद करा. पगाराच्या खात्याचे नेट बँकिंग आणि यूपीआय काही काळ पत्नीच्या हाती द्या. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना नव्या कर्जाचा अर्ज घेऊ नका असे आपणहून सांगून ठेवा. हे अपमानास्पद वाटेल. पण आपल्या दुबळ्या घटकेचा अंदाज घेऊन भक्कम घटकेत तिची व्यवस्था करणे, याहून अधिक व्यवहारी शहाणपण मला कोणत्याही परंपरेत दिसलेले नाही.

सवयीविषयी एपिक्टेटसचे ऐका. हा तत्त्वज्ञ रोममध्ये गुलाम होता, पुढे मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलले तेव्हा त्याने ग्रीसमध्ये निकोपोलिस येथे शाळा काढली, आणि त्याची शिकवण त्याच्या एका विद्यार्थ्याने टिपून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. रागीट माणसाला तो सांगतो की, राग न आलेले दिवस मोज. ‘पूर्वी मी रोज रागवायचो, मग दिवसाआड, मग दर तिसऱ्या, चौथ्या दिवशी,’ असे स्वतःशी म्हण. आणि तीस दिवस रागावाचून गेले तर देवाला नैवेद्य अर्पण कर. प्रत्येक वेळी वासनेपुढे वाकल्यावर एक पराभव तर होतोच, शिवाय त्या वासनेला खाद्य मिळून ती बळावते, हा त्याचा मुद्दा आहे. तुमच्या हजेरीपुस्तकासारखी एक साधी वही घाला आणि सौद्यावाचून गेलेला प्रत्येक दिवस तीत मांडा. एखाद्या दिवशी पाय घसरला तर तो लपवू नका, तोही मांडा आणि मोजणी पुन्हा सुरू करा.

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने झोपण्यापूर्वीच्या हिशेबाचे वर्णन केले आहे. दिवा नेला जातो, त्याची सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प होते आणि तो सारा दिवस तपासतो. काय बोललो, काय केले, स्वतःपासून काहीही लपवत नाही. ही रीत त्याने सेक्स्टियस या आधीच्या तत्त्वज्ञाकडून घेतली होती, जो रोज रात्री स्वतःला विचारी की, आज कोणते दुखणे बरे केलेस, कोणत्या दोषाला अडवलेस? तुम्हीही रात्री एकटे बसताच, पण विम्याची कागदपत्रे घेऊन. मी सेनेकात एवढाच बदल सुचवेन की, पहिले काही महिने हा हिशेब मनात न करता पत्नीसमोर, बोलून करा. लपवणे हाच ज्याच्या व्यसनाचा प्राणवायू आहे, त्याने एकांतातल्या आत्मपरीक्षणावर फार विसंबू नये.

अर्थात त्यासाठी आधी पाटल्यांबद्दल सांगावे लागेल. सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न तुम्ही शिकवला असेल : आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? जो स्वतःला हरून बसला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्मांसारख्यालाही तिथे नीट उत्तर देता आले नाही. पाटल्या हे तुमच्या पत्नीचे स्त्रीधन आहे, कायद्यानेही त्यांवर केवळ त्यांचाच अधिकार आहे. म्हणून हा तोटा तुमच्या उरलेल्या तोट्याहून वेगळा आहे आणि त्याची कबुलीही वेगळी द्यावी लागेल. सांगताना बाजाराला, सहकाऱ्याला किंवा टाळेबंदीला पुढे करू नका. एकूण रक्कम, कोणाकडून किती घेतले, पाटल्या कुठे आहेत आणि त्या सोडवण्याची मुदत काय, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. त्या चिडतील, कदाचित काही दिवस माहेरी जातील, कदाचित अनेक वर्षे पैशांच्या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. त्या वेळी त्यांना क्षमेवरचे सुभाषित ऐकवू नये.

घर पुन्हा उभे करण्याच्या कामी बुद्धांचा एक उपदेश मला फार व्यवहारी वाटत आला आहे. दीघनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाजवळ सिगाल नावाच्या एका गृहस्थाच्या मुलाला त्यांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकले तर वैर वाढते, हरले तर धनाचा शोक होतो, असलेले धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. यात परलोकाची भीती कुठेही नाही, सगळा हिशेब याच गावातला, याच घरातला आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एकाचा उपभोग घ्यावा, दोन कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. तुमच्या पगाराची आजची स्थिती पाहता हे प्रमाण जसेच्या तसे जमणार नाही. आधी घरखर्च, मग मुलीच्या प्रवेशाचे पैसे, मग सोनेतारण, मग पतसंस्थेचा हप्ता, असा क्रम मी सुचवेन. पण प्रत्येक रुपयाला त्याचे ठिकाण आधीच नेमून दिलेले असावे, ही त्यातली मूळ कल्पना तुमच्या उपयोगाची आहे.

कोणत्या तोंडाने शिकवू, हे राहिले. सेनेका साधेपणावर लिहीत असे आणि तो रोममधील अतिश्रीमंतांपैकी एक होता. लोक त्याला ढोंगी म्हणत. त्याचे उत्तर असे होते की, मी ज्ञानी नाही आणि होणारही नाही. माझ्या दोषांतून रोज थोडे काही कमी करता आले तरी मला पुरे. हे उत्तर मला पूर्णपणे पटत नाही, कारण त्याची संपत्ती तशीच राहिली होती. परंतु शिकवणाऱ्याच्या निर्दोषपणावर शिकवण उभी नसते, इतके तरी त्यातून घेता येते. तुम्ही शिकवणे सोडलेत तर हातात रिकामा वेळ उरेल, आणि तुमच्या आजारात तोच सर्वांत वाईट. वर्गात कबुलीजबाब देण्याची गरज नाही. नववीच्या मुलांना तुमच्या कर्जाचा भार पेलायला लावू नये. मात्र सुभाषित शिकवताना अर्थ सांगून झाल्यावर, हे कळूनही माणसाच्या हातून का घडत नाही, असा प्रश्न त्यांना विचारून पाहा. या मुलांच्याही हातात मोबाइल आहेत आणि त्यांना हा प्रश्न आपल्या पिढीपेक्षा लवकर भेटतो आहे.

एका गोष्टीचा विचार आत्ताच करावा लागेल. मे महिन्यात शाळा बंद असेल आणि बाजार चालू असेल. सव्वानऊ ते साडेतीन या वेळेत तुम्ही घरी, पंख्याखाली, मोकळे असाल. त्या दिवसांसाठी सकाळचे काम आजच ठरवून ठेवा. दहावीला जाणाऱ्या मुलांचे संस्कृतचे विनामूल्य वर्ग घ्या, किंवा गावातल्या वाचनालयाला हात द्या, पण ज्या ठिकाणी कोणीतरी तुमची वाट बघत असेल असेच काम निवडा. मानसोपचारतज्ज्ञांची एक भेटही त्याच महिन्यात ठेवा आणि तिची तारीख पत्नीला सांगून ठेवा.